समुद्रानं काय वाढलं

समुद्रावर मी गेली ते फिराले नाई, एक अर्धी राह्यलेली गोष्ट पुरी कराले गेली. पण हे पोराले सांगतलं असतं तं त्यानं मले समुद्राऐवजी दवाखान्यात नेलं असतं. म्हणून मी म्हटलं, "हेमराज, मले समुद्राची ताजी मासोळी खाची आहे रे बाप्पा. उद्या वर गेल्यावर यमानं इचारलं का काय काय खाल्लं, तं सांगाले काई पाह्यजे ना."

हेमराज माहा एकुलता एक. माजरीकडे कोयल्याच्या खदानीत नोकरीले आहे, तिथीच क्वार्टरात राह्यते. दरवर्षी सुट्टी काढून तो, सून रीता अन नात खुशबू कुठी ना कुठी जातेत अन मले फोटो पाठवतेत. यंदा बुढ्याले जाऊन वरीस झालं, धान घरात आलं, अन पोराले वाटलं का मायले संग न्या.

बुढा म्हंजे माहा नवरा. चामोर्शीहून आतमध्ये, तलावाच्या पारीले, म्हंजे बांधाले लागून आमचं घर. बुढा मच्छी सोसायटीत होता. पहाटं जाळं, दिवसा वावर, अन दिवा लागला का बाजेवर पडून म्हणे, "चाल, सोड."

म्हंजे गोष्ट सोड. मी सोडो. खोट्या गोष्टी, बरं का. खऱ्या तं शेजारची वच्छलाही सांगते. मी सांगो का आमच्या तलावात एक झिंगा इतका वाढला का बायका त्याच्या मिशीवर लुगडी वाळू घालत. बुढा म्हणे, "हूं." मी सांगो का एक दिवस मिशी हालली अन सरपंचीणबाईचं लुगडं घेऊन झिंगा पाण्यात गेला. आता खालच्या साऱ्या मासोळ्या तेच लुगडं पाळीपाळीनं नेसून लग्नाले जातेत. बुढा म्हणे, "हूं."

त्या हूंवरच गोष्ट चालते. आमच्याकडे रीतच आहे, आयकणाऱ्यानं हुंकारा देल्ला पाह्यजे. हुंकारा थांबला का गोष्ट थांबली, मंग राजा जंगलात असो का विहिरीत, तिथीच राह्यते. दुसरी रीत अशी का दिवसा गोष्ट सांगाची नाई. सांगतली तं मामा रस्ता भुलते. बुढ्यानं साऱ्या संसारात मले हुंकारा देल्ला. "असं कुठी असते काय," असं एकदाबी म्हटलं नाई. वच्छलाले सांगून पाह्यलं होतं. मिशीवर लुगडं म्हटल्याबरोबर ती इचारते, "नऊवारी का पाचवारी?" अशा बाईले गोष्ट सांगून काय फायदा.

शेवटची गोष्ट मरळबाईची होती. मरळ म्हंजे आमच्या तलावातली मासोळी, लय चिवट. पाणी आटलं तं चिखलातून सरकत जाते, पण मरत नाई. तं अशी एक बुढी मरळबाई. तिनं आयकलं का साऱ्या पाण्याचा मोठा भाऊ म्हंजे समुद्र, अन तिले वाटलं का एकदा त्याच्या घरी जाऊन जेवावं. कमळाच्या पानात शिदोरी बांधून ती निंघाली. धानाच्या बांध्यातून नाल्यात, नाल्यातून वैनगंगेत. मार्कंड्याले देवाचं दर्शन घेतलं. सिरोंच्याले गेली तं तिथल्या मासोळ्या तेलुगू बोलत, मरळबाई नुसती मान हालवे. पुढं मोठं धरण लागलं. चौकीदार म्हणे, "आधार कार्ड?" ती म्हणे, "बाबू, मले आंगठाच नाई तं कार्ड कसं निंघन?" त्यालेबी पटलं, त्यानं दार उघडून देल्लं.

ही गोष्ट मी बुढ्याले गडचिरोलीच्या दवाखान्यात सांगून राह्यली होती. तो अशक्त झाला होता, हूं बारीक येत होता, पण येत होता. मरळबाई समुद्राच्या घरी पोचली. समुद्रानं पाय धुवाले पाणी देल्लं, पाटावर बसवलं, समोर ताट मांडलं. अन बुढ्यानं इचारलं, "हूं. मंग, समुद्रानं तिले काय वाढलं?"

त्यानं असं कधी इचारलं नोहतं. हुंकाऱ्याशिवाय तो दुसरं बोलेच नाई. अन मले माहीत नोहतं. मी गोष्ट चालता चालता बनवते, अन समुद्र काई मी पाह्यला नोहता. मी म्हटलं, "आता पडा. ते उद्या."

उद्या बुढा नोहता.

तेव्हापासून एक गोष्ट तोंडातून निंघाली नाई. सुरू कराले गेली का मरळबाई दिसे, पाटावर बसलेली, समोर रिकामं ताट. पाव्हणीले ताटावर बसवून वाढाचं नाई, हे काय बरं दिसते? वरीसभर बसली आहे बिचारी. वाढल्याशिवाय तिले उठवता येत नाई अन ती उठल्याशिवाय दुसरी गोष्ट येत नाई. म्हणून मी समुद्रावर गेली.

गाडीत हेमराजले इचारलं, "वैनगंगा जाते तोच ना हा समुद्र?"

"नाई माय, तो तिकडचा, पूर्वेचा. आपण मालवणाकडे जाऊन राह्यलो. हा पश्चिमेचा."

"मंग काय मध्ये कुंपण आहे? पाणी काय तालुका पाहून थांबते?"

"माय, तू झोप."

पहिल्या संध्याकाळी रीतानं फोनवर चांदण्या मोजून हाटेल शोधलं. ज्याले जास्त चांदण्या ते चांगलं, असं ती म्हणे. आत इतका थंडावा का मी पदर कानावरून घेतला. वाढणाऱ्या पोरानं इचारलं, "आजी, कुठून आलात?"

"गडचिरोली."

"बापरे! तिकडे वाघ असतात ना?"

"असतेत ना. आमच्याकडे तं एक संध्याकाळी ओसरीत येऊन बसते. चहा पेते. पण बिनसाखरेचा, त्याले शुगर आहे."

पोरगा दोन पावलं मागं सरला अन आत जाऊन साऱ्याइले सांगाले लागला. आतून दोघं-तिघं डोकावून पाहून गेले. हेमराजनं कपाळाले हात लावला. "माय, काऊन असं बोलतं? लोक खरं समजतेत."

"समजू दे. त्याइले घरी जाऊन सांगाले काईतरी भेटलं."

मासोळी आली ते लोण्यात. वर हिरवा पाला, खाली पांढरा रस. मले वाटलं का आजारी माणसाची असन. मी खुशबूकडे सरकली. पोट्टी नववीत आहे, हुशार आहे, पण मान कायम फोनवर. बाहेर अंधार पडला होता, म्हणून गोष्टीले मनाई नोहती. मी हळूच म्हटलं, "खुशबू, एक होती मरळबाई."

"हूं," खुशबू म्हणाली.

वरीसभरानं हुंकारा आला होता. मी म्हटलं, "ती निंघाली समुद्राच्या घरी."

"हूं."

"नाला लागला, नदी लागली."

"हूं."

पण तो हूं कसातरीच होता, एकाच मापाचा. मी पारखाले म्हटलं, "मंग मरळबाईनं ट्रॅक्टर घेतला, आमदारकीले उभी राह्यली अन तुह्या बापासंग तिनं लगन लावलं."

"हूं," खुशबू म्हणाली अन आंगठ्यानं फोन वर सरकवला.

मी लोण्यातली मासोळी खाल्ली. काटा नोहता, वासही नोहता. खुशबूचा दोष नाई, तिच्या फोनमध्ये माह्यापेक्षा मोठ्या थापा असतीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरीकडे गेलो. हे हाटेल वाळूतच होतं, वर झावळ्या टाकलेल्या. थाळी आली. सुरमईची तळलेली तुकडी, नारळाचा रस्सा, गुलाबी ताकासारखं काईतरी, त्याले ते सोलकढी म्हणतेत. नारळ पाहून मी तं हातच जोडले. आमच्याकडे नारळ देवापुढं फुटते, इथी रोज रश्श्यात फुटते. इथला देव किती खुश असन.

रीता म्हणाली, "आई, काटे काढून देऊ काय?"

"मले? सत्तर वर्ष मासोळी खाल्ली मी."

ती हसली, मंग तिघंबी आपापले फोन घेऊन ताटाचे फोटो काढाले लागले. सून माही वाईट नाई. पोरगाबी नाई. मध्येमध्ये माह्याकडे पाहून "जमते ना माय?" म्हणतेत. जमते म्हटलं का परत खाली पाहतेत.

मी तुकडी पालटून पाह्यली. मधातली होती. मुंडकं नाई, शेपटी नाई. आमच्या घरी मधातली तुकडी पाव्हण्याले अन मुंडकं घरच्याले. म्हंजे मी इथी पाव्हणीच. मले वाटलं, समुद्रानं मरळबाईले अशी तुकडी तं वाढली नसन? मासोळीले मासोळी कशी वाढन? ते तं सोयऱ्याले सोयरा वाढल्यासारखं झालं. तुकडी नाई, सोलकढी नाई, लोणी तं नाईच नाई. दोन दिवस खाऊन झालं अन ताट रिकामं ते रिकामंच.

तिसऱ्या दिवशी तिघंबी बोटीत बसून डॉल्फिन पाहाले जाणार होते. बोटीत मले चक्कर येईन म्हणून हेमराजनं मले एका खानावळीत बसवून देल्लं. खानावळ म्हंजे घरच, पुढं पडवीत बाकडी टाकलेली. मालकीण शेवंती, असन पन्नाशीची, आंगानं दणकट. हेमराज तिले म्हणाला, "माय इथी बसन. तिले जेवाले द्या. आम्ही येतोच."

"बसांदेत हयसर," शेवंती म्हणाली. "आजये, खंयसून इलात?"

तिची बोली मले अर्धी समजे अन माही तिले अर्धी. अर्धी अर्धी मिळून एक होते, तेवढी पुरते. म्हटलं, "गडचिरोलीकडून. चामोर्शी."

"ता खंय इला?"

"जिथी रस्ता सरते, तिथून आणखीन पुढं."

"आमचा पण तसाच," ती म्हणाली अन समुद्राकडे बोट दाखवलं. "हयसर रस्तो सपता."

मले ती तेव्हाच पटली.

थोड्या वेळानं एक मोठी गाडी येऊन थांबली. पुण्याची माणसं, टोप्या घातलेली, भुकेली. शेवंतीची कामाची बाई त्या दिवशी आली नोहती. ती एकटीच भाकऱ्या पाहे, तळण पाहे, पाणी देई. तिची ती धावपळ पाहून मले बसवेना. उठली, पदर खोचला, चुलीपाशी गेली. "द्या इकडे. रस्सा मी पाहते."

"नको गे आजये, पाव्हणी तुमी."

"दोन दिवस पाव्हणीच आहे, आंग दुखून राह्यलं."

ती हसली. "बरा. बांगड्याचो तिखलो आसा. मीठ तेवढा बघा नि उतरवा." अन पळाली बाहेर.

आता आयका. समुद्राच्या मासोळीले मीठ लागत नाई हे मले पक्कं माहीत होतं. बुढ्यानं सांगतलं होतं. चामोर्शीच्या बाजारात समुद्राची मासोळी येते ते वाळलेली, खारी. धुवून धुवून हात दुखले तरी खारटच. बुढा म्हणे, "जन्मभर खाऱ्या पाण्यात राह्यली, ते खारट नाई होईन तं काय गोड होईन? समुद्राकडची लोकं मीठ इकत घेतच नाईत." हे मले इतकं बरोबर वाटे का काय सांगू. अन चाखून पाहाची तं आमच्यात रीतच नाई. पाव्हणे जेवाच्या आधी चाखलं का उष्टं होते. मी मिठाचा डबा पाह्यला, त्यानं माह्याकडे पाह्यलं. मी त्याले फळीवर ठेवून देल्लं अन रश्श्याचा गंज चुलीवरून उतरवला.

शेवंतीनं वाढलं. मी दाराशी उभी राह्यली. पहिला घास साऱ्याइनं गिळला. दुसऱ्या घासाले एक जाड्या माणसानं दुसऱ्याकडे पाह्यलं. मंग त्याची बायको म्हणाली, "अहो ताई, ह्याच्यात मीठच नाहीये."

शेवंती आत आली. माह्या कानाशी म्हणाली, "आजये, मीठ घालूक नाय तुमी?"

"समुद्राची मासोळी आहे ना. खारीच असन."

"खाऱ्या पाण्यातलो म्हणान मासो खारट आसता काय? तुमी नदीकाठी ऱ्हवतास म्हणान गोड झालास?"

मी पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाखला. आमच्या तलावाच्या पाण्यासारखा सपक. माह्या पायाखालची जमीन सरकली. रश्श्यासाठी नाई. बुढ्यासाठी. साऱ्या जन्मात त्या माणसानं हूंच केलं, एकच गोष्ट त्यानं सांगतली होती, अन तेबी थापच निंघाली. मले खूप हसू आलं. मागं वळून बुढ्याले सांगाले गेली, पाह्यलं काय जी, तुमची मासोळी! मागं फळी होती अन फळीवर मिठाचा डबा.

बाहेर माणसं चुळबुळ करून राह्यली होती. शेवंतीची इज्जत माह्या हातानं गेली होती, तं माह्याच तोंडानं परत आणा लागे. मी पडवीत गेली.

"बाबू, हे असंच असते," मी त्या जाड्याले म्हटलं. "हे इथलं जेवण नोहे. मी गडचिरोलीहून आली हे शिकवाले. आमच्या जंगलाकडे हा अळणी रस्सा खातेत. माही सासू एकशे चौदा वर्षाची आहे, अजून मोहफुलं वेचाले जंगलात जाते. परवा अस्वल आडवं आलं तं त्याच्या कानाखाली देल्ली तिनं."

"खरं सांगता?" बायको म्हणाली.

"तुमाले मीठ पाह्यजे तं घ्या बाई, ज्याचं त्यानं वरून टाकाचं. पण चिमूटभर मीठ म्हंजे एक वरीस कमी. मंग मले सांगू नका."

जाड्यानं बायकोकडे पाह्यलं, बायकोनं जाड्याकडे. एक जण म्हणाला, "ऑथेंटिक आहे." दुसऱ्यानं फोन काढला अन मले म्हणाला, "आजी, परत एकदा सांगा ना, सासूचं." मी परत सांगतलं, या खेपेस सासू एकशे सतरा वर्षाची होती. कोणाच्या ध्यानात आलं नाई. अर्ध्याइनं अळणीच खाल्लं, अर्ध्याइनं चोरून चिमूट टाकली. शेवंती दारात, मिठाचा डबा पदराखाली धरून, ओठ चावत उभी होती.

गाडी गेल्यावर ती खाली बसली अन हसली, हसली, मंग डोळे पुसले. "आजये, काय गो तुझी जीभ!" ती अहोजाहो इसरूनच गेली.

मंग तिनं चुलीच्या मागून एक टोप काढला. दोन वाट्या मांडल्या नाई, एकच मांडली, सवयीनं. आत पेज होती. लाल उकड्या तांदळाची, गरम, बाजूले भाजलेली सुकट. बाहेर सुरमई होती, तळलेले झिंगे होते, अन ही पेज पेत होती.

"तू हे नाई खात? बाहेरचं?"

"ता गिऱ्हाइकांचा. माका ही माझी पेज बरी." मंग नवऱ्याचं सांगाले लागली, "घोव बोटीर गेलोहा. कधी येतलो ता तेकाच म्हायत नाय. पर्यटक येतत, जेवतत, फोटो काढतत, जातत. माझ्यावांगडा कोण जेवक बसणा नाय."

मी म्हटलं, "दुसरी वाटी आण."

तिनं आणली. आमच्याकडेबी पेज असते, जंगलाकडच्या गावात उन्हाळ्यात साऱ्याइची तेच. मी एक घोट घेतला. मीठ होतं, बरोबर होतं. समोर समुद्र आवाज करून राह्यला होता. शेवंतीनं इचारलं, "आजये, तुमची सासू खरीच आसा?"

"कवाचीच गेली. मी थाप मारली."

"म्हायत आसा माका. पण बरा वाटला आयकाक. आणखी एक सांग."

"दिवसा गोष्ट सांगत नसतेत. मामा रस्ता भुलते."

"कोणाचो मामा?"

"सांगणाऱ्याचा."

बोलून गेली अन मंग मले सुचलं. माहे मामा दोन. एक राजुऱ्याकडे होता, एक घोटाकडे. दोघंबी कवाचे गेले. भाऊ गेले, मामा गेले, बुढा गेला. रस्ता भुलाले माहं आता कोणी उरलंच नोहतं. भर दुपारी सांगतली तरी कोणाचं काई बिघडत नोहतं. मी वाटी खाली ठेवली.

"एक होती मरळबाई," मी म्हटलं.

शेवंतीनं सुकट मोडली. "मगे?"

तो हूं नोहता. पण माह्याकडे पाहून म्हटलेला होता. मी पुढं गेली. बांध्या, नाला, वैनगंगा. "मगे?" सिरोंच्याच्या तेलुगू मासोळ्या. "मगे?" धरणावर आधार कार्ड. इथी ती इतकी हसली का पेज तिच्या नाकात गेली. मरळबाई समुद्राच्या घरी पोचली, पाय धुतले, पाटावर बसली, ताट मांडलं.

"मगे? काय वाढल्यान?"

तोच सवाल. मी खाली पाह्यलं. तिच्या वाटीत तळाशी लाल भात उरला होता, माह्याबी.

"समुद्र म्हणाला," मी हळू सांगतलं, "बाई, सुरमई आहे, पापलेट आहे, झिंगे आहेत, पण ते सारं लोकाइचं. येतेत, खातेत, जातेत. मी काय खातो हे आजवर कोणी इचारलं नाई. मी आपला पेज पेतो, एकटा. तू इतक्या दुरून आली, माह्यासंग घोटभर पेशील? अन त्यानं मरळबाईले पेज वाढली."

शेवंती वाटीतल्या भातात बोट फिरवत राह्यली. मंग म्हणाली, "मगे? घराक गेली ती?"

हे मले माहीत नोहतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. हेमराज, रीता, खुशबू, तिघंबी उन्हानं लाल झालेले.

"माय, चाल! डॉल्फिन दिसले, चार दिसले!"

"चारच? मले इथी बसून अकरा दिसले," मी म्हटलं.

शेवंतीनं माहा हात धरला अन सोडला. तिले दुसरी गाडी आली होती. मागं वळून पाह्यलं तं ती भाकऱ्या थापत होती. वाट्या तशाच पडून होत्या, दोन.

परतीच्या गाडीत मी हेमराजले म्हटलं, "तुह्या बाबाची मासोळी खोटी निंघाली. समुद्राच्या मासोळीले मीठ लागते."

"लागतेच ना माय," तो म्हणाला. त्याले त्यात हसण्यासारखं काई दिसलं नाई. त्यानं बाबाच्या तोंडून ते कधी आयकलंच नसन. ते बुढा माह्याजवळच बोले.

घरी आली. हेमराज मले सोडून माजरीले गेला. दिवस बुडाले आला तशी मी तलावाच्या पारीवर जाऊन बसली. वच्छला बकऱ्या घेऊन चालली होती. "काय वं बाई, कशी होती समुद्राची मासोळी?"

"अळणी," मी म्हटलं.

"असं कुठी असते काय," म्हणत ती गेली.

मंग कोणीच नोहतं. पाणी सपाट पडलं होतं. बुढा जिथी जाळं वाळू घाले त्या खुंट्याकडे पाहून मी म्हटलं, "पेज वाढली जी. तुमी इचारलं होतं ना. समुद्रानं तिले पेज वाढली."

अन थांबली.

पाण्यात एक मासोळी उसळली, पण तो हुंकारा नोहे. मासोळीले मासोळीचं काम असते.

"अन मीठ टाका लागते, बरं का. गावभर माही थट्टा झाली असती तुमच्या पाई."

इथी त्यानं हसाले पाह्यजे होतं. मी त्याच्या हसण्याएवढी जागा सोडली. बगळे आपल्या झाडाकडे निंघून गेले. मरळबाई अजून समुद्राच्या पाटावरच होती, फक्त ताट आता भरलेलं होतं, अन तिले घरी याचं होतं.

मंग मीच म्हटलं, "हूं."

आवाज त्याच्यासारखा निंघाला नाई, बारीक निंघाला. पण रीत ते रीत. हुंकारा आला म्हंजे गोष्ट पुढं न्या लागते.

"तं मंग," मी म्हटलं, "मरळबाईनं पेज पेली, आपली वाटी आपण धुतली, समुद्राले रामराम केला, अन वाटेले लागली."

"हूं," मी म्हटलं.